मनातून कधीच न जाणारा, आतून हलवून टाकणारा चित्रपट कोणता?

माझ्यासाठी संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४). कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात आणतात आणि निदान होतं डोळ्याच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे त्या पोराला सांगायचं कोणी आणि कसं? शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला कुणाला न सांगता दवाखान्यातून बाहेर नेतात, दिसतंय तोवर जग दाखवायला. त्या भागात अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावरची घालमेल बघवत नाही. सगळं ठाऊक असून नातवासमोर हसायचं! परशा झालेल्या अश्विन चितळेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी रास्त. चित्रपट ऑस्करसाठी भारतातर्फेही गेला होता. आजी-आजोबांकडे वाढलेल्यांनी तर जरूर पाहावा, जमल्यास त्यांच्यासोबतच.