धूर आगीचं 'प्रतीक' नव्हे!

कोथरूडच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे: 'चिन्ह', 'प्रतीक' आणि 'संकेत' हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतात का?

नाही चालत. पण हल्ली दिसेल त्याला 'प्रतीक' म्हणायची साथच आली आहे. परवा एका व्याख्यानात ऐकलं, "धूर हे आगीचं प्रतीक." अहो, धूर आगीतूनच निघतो, ती आगीची खूण! चिखलात उमटलेलं पाऊल असतं तशी. 'चिन्ह' हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द, त्यावर वेळ घालवत नाही. खरी गंमत 'संकेत'मध्ये आहे.

सम् + केत. केत, केतन, केतू ही भावंडं; मुळात जाणण्याशी, नजरेत भरण्याशी नातं सांगणारी. ऋग्वेदात (१.२७.११) अग्नीला 'धूमकेतु' म्हटलंय: धूर हीच ज्याची निशाणी तो. चिन्हमीमांसेच्या, म्हणजे खुणांचा अर्थ कसा लागतो ते सांगणाऱ्या शास्त्राच्या, पहिल्या तासाला हमखास येणारं उदाहरण आपल्याकडे अग्नीचं विशेषण होऊन बसलेलं! 'चिकित्सा'ही याच घरातली. ग्रीकांकडेसुद्धा ही चिन्हं वाचण्याची विद्या आधी वैद्यांची, रोगाची लक्षणं वाचणाऱ्यांची. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थांसह यादी, मात्र 'कित निवासे रोगापनयने च' म्हणून मोकळा होतो. राहणं आणि रोग घालवणं, काय संबंध? 'केतन' दिसलं, घर लिहिलं. 'चिकित्सा' दिसली, रोग लिहिला. माझं मत विचाराल तर केतन म्हणजे आधी निशाण, मग निशाण लावलेलं घर. मदन 'मीनकेतन' आहे, तो काय माशात राहायचा? वैयाकरण रागावतील, रागावोत.

'सम्' लागला की ती आपसांत ठरवलेली खूण होते. म्हणून अभिसारिका प्रियकराला भेटायला जायची ते संकेतस्थळ. आता तिथे आपण वीजबिल भरतो.

आणि आपले समीक्षक! अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्सचा 'सिंबल' निव्वळ रूढीने ठरलेला. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर (त्याची व्याख्यानं १९१६ साली, मृत्यूनंतर छापली गेली) उलट सांगतो की 'सिंबल' कधीच पुरता मनमानी नसतो. न्यायाच्या तराजूच्या जागी रथ ठेवून भागत नाही. शब्द एक, अर्थ विरुद्ध, आणि मराठीत दोन्हीकडे सरसकट 'प्रतीक'. सोस्यूरचं ते प्रतीक, पर्सचा तो संकेत. एवढं करायला काय हरकत होती?

हां, बाईंना वर्गात सांगायला उदाहरण हवं असेल. आपल्या पुण्यातले सम-विषम तारखांच्या पार्किंगचे पी-१, पी-२ फलक घ्या. त्या आकड्यांत तारखा कुठे दिसतात का? ठरलंय म्हणून कळतं. नाशिकहून आलेल्या माझ्या मेहुण्याला ठरलेलं ठाऊक नव्हतं. "पी म्हणजे पार्किंगच ना?" म्हणत त्याने स्कूटर लावली, आणि चहा पिऊन येतो तो गाडी उचललेली. फलक हा संकेत. खाली उरलेला तेलाचा ओला डाग, ती खूण.