व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये टॅब साइझ ४ ठेवूनही काही फायलींत २ स्पेस का पडतात?
‘डिटेक्ट इंडेंटेशन’ हा पर्याय बंद करा. तो मुळातच सुरू असतो आणि फाइल उघडताना तिच्यातील आधीचे इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) पाहून तुमचा ४ हा आकडा बाजूला सारतो. ‘टॅब साइझ’च्या वर्णनात ही अट दिलेली आहे, पण ती दुसऱ्या वाक्यात असल्याने सहज नजरेतून सुटते. उघड्या फाइलला प्रत्यक्षात काय लागू आहे, ते खालच्या पट्टीत उजवीकडे ‘स्पेसेस: २’ असे दिसते, रिकाम्या नव्या फाइलीत मात्र बहुधा तुमचे ४ च दिसतील. यामल (YAML, सेटिंग्जसारखी माहिती लिहिण्याची एक भाषा) फायलींची गोष्ट वेगळी आहे: त्या भाषेसाठी व्हीएस कोडनेच २ ठरवलेले असल्यामुळे, हा पर्याय बंद केल्यानंतरही तिथे ४ हवे असल्यास सेटिंग्जमध्ये यामलपुरती स्वतंत्र नोंद करावी लागते.