जपानी ‘इरु’ आधी बसत होते

प्रश्न : मी जपानी शिकते आहे. आपण जिथे केवळ ‘आहे’ म्हणतो, तिथे टेबलासाठी ‘अरु’ आणि मांजरासाठी ‘इरु’ वापरावे लागते. सजीव-निर्जीव हा भेद त्या भाषेत मुळापासूनच आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ‘असणे’ या अर्थाचे जुने क्रियापद ‘अरि’ म्हणजे आजचे ‘अरु’ असून, ते पूर्वी माणसांसाठीही सर्रास वापरत. वाकायामाकडच्या बोलीत आजही वापरतात. ‘इरु’चे प्राचीन रूप ‘वि’ आणि त्याचा अर्थ ‘बसणे’.

याचा एक विलक्षण पुरावा इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकि’ या इतिहासग्रंथात सापडतो. रुसून निघून गेलेल्या देवरूपी पतीकडे पाहत एक राजकन्या पश्चात्तापाने एकदम खाली बसते आणि जेवणाची काडी टोचून मरण पावते, अशी ती कथा आहे. ग्रंथ चिनी भाषेत असल्यामुळे ‘एकदम बसणे’ या अर्थाच्या दोन चिन्हांखाली ‘हे तुकि-उ असे वाचावे’ अशी टीप दिली आहे. (कथेपेक्षा टीप मोलाची, असे भाषाभ्यासकांच्या बाबतीत नेहमीच होते.) त्या टिपेतला शेवटचा ‘उ’ म्हणजेच आपले क्रियापद, म्हणून वाक्याच्या शेवटी येणारे त्याचे सर्वांत जुने रूप ‘विरु’ नसून ‘उ’ असावे, असा निष्कर्ष काढला जातो.

पुढे ‘वि’ला ‘अरि’ जोडून ‘वोरि’ म्हणजे ‘बसलेला असणे’ हे रूप तयार झाले, असे सामान्यतः मानतात. पश्चिम जपानमधले ‘ओरु’ आणि ओकिनावातले ‘वुन्’ ही त्याचीच संतती. दक्षिणेकडच्या मियाको बेटांवर शब्दारंभीच्या ‘व’चा ‘ब’ होतो. तिथे ‘बि’ने सुरू होणाऱ्या क्रियापदाचा अर्थ अजूनही ‘बसणे’ असाच आहे. मुख्य भूमीवर मात्र ‘बसलेला आहे’चे ‘आहे’ झाले, आणि बसणे सजीवांनाच शक्य असल्यामुळे तो भेद मागे उरला.

‘वि’तला ‘व’ उच्चारातून मध्ययुगातच गळाला होता; त्याचे अक्षर १९४६च्या लेखनसुधारणेत नित्याच्या वापरातून गेले. आपणही ‘वाट पाहत बसलो’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात उभेच असू शकतो, त्यामुळे हा अर्थबदल मराठी माणसाला परका वाटू नये. जपानी घरातल्या ‘इमा’ या खोलीच्या नावात हेच ‘इ’ आहे, आणि तिला आपल्याकडे बैठकीची खोली म्हणतात.