२९.९७ चा व्हिडिओ आणि ३३ मिलिसेकंदांची झोप

तुमचा लॉग दोनदा वाचला. अँड्रॉइडवर स्वतः लिहिलेला प्लेअर; डिकोडिंग (दाबलेला व्हिडिओ उलगडून फ्रेम काढणं) वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामावर), आणि दाखवणारा थ्रेड एक फ्रेम दाखवतो, ३३ मिलिसेकंद स्लीप घेतो, मग पुढची. व्हिडिओ सेकंदाला २९.९७ फ्रेमचा, स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजी होणारी. चित्र अडखळतं आणि मिनिटाभरात आवाजाच्या दोन सेकंद मागे पडतं. डिकोडरला कशाला शिव्या देताय? तो वेळेत काम करतोय.

२९.९७ म्हणजे ३०,००० भागिले १००१. (हा १००१ अमेरिकेतल्या १९५३ च्या रंगीत टीव्हीच्या मानकापासून आपल्या मानगुटीवर बसलाय.) एका फ्रेमच्या वाट्याला ३३.३७ मिलिसेकंद येतात. तुमचा स्लीप सांगितल्यापेक्षा उशिरा उठतो, लॉगमध्ये सरासरी अंतर ३४.५ आहे. फ्रेममागे मिलिसेकंदभर उशीर, आणि तो साचत जातो. ३३ चे ३२ करून काही साधणार नाही, स्लीपवर घड्याळ चालवणंच सोडा.

प्रत्येक फ्रेमचा पीटीएस (फाइलमध्ये नोंदलेली ती दाखवण्याची वेळ) घ्या आणि ऑडिओट्रॅकच्या गेटटाइमस्टॅम्पशी (आवाज आत्ता कुठवर वाजलाय ते सांगणारा) जुळवून ती कधी दिसायला हवी ते काढा. घड्याळाचा मालक आवाजच हवा; एखादी फ्रेम गळली तर डोळा चालवून घेतो, कान घेत नाही. मग ती वेळ रिलीजआउटपुटबफरला, म्हणजे डिकोडरची फ्रेम स्क्रीनकडे पाठवणाऱ्या फंक्शनला, द्या (अँड्रॉइड ५ पासून सोय आहे), साधारण दोन व्हीसिंक (स्क्रीन ताजी होण्याच्या फेऱ्या) आधी.

इथे मी एकदा तोंडावर आपटलोय. पीटीएस मायक्रोसेकंदात असतो, रिलीजला नॅनोसेकंद लागतात, आणि मी हजाराने गुणायला विसरलो. दिलेली वेळ आत्तापासून सेकंदाहून लांब असेल तर सरफेसव्ह्यू (ज्या पृष्ठभागावर व्हिडिओ दिसतो तो) ती सरळ दुर्लक्षित करतो आणि जमेल तितक्या लवकर फ्रेम दाखवतो. ना क्रॅश, ना एरर. टेस्टला लग्नाचा व्हिडिओ होता: आवाजात मंगलाष्टकं चालू, चित्रात पंगत उठलेली!

एवढं केल्यावरही दर १७ सेकंदांनी एखादी फ्रेम दोनऐवजी तीन व्हीसिंक राहील. ६० आणि २९.९७ चा भागाकारच तसा आहे, त्याच्यामागे रात्र घालवू नका. अँड्रॉइड ११ पासून सरफेसला सेटफ्रेमरेटने व्हिडिओचा वेग सांगता येतो, स्क्रीनने ५९.९४ चा मोड दिला तर तोही झटका जातो.

खरा त्रास वेगळाच. फ्रेमची वेळ नेमकी व्हीसिंकच्या उंबरठ्यावर पडली की ती कधी अलीकडे, कधी पलीकडे जाते. एक फ्रेम एक व्हीसिंक, पुढची तीन. सरासरी मात्र ३० च्या आसपासच दिसते, म्हणून तुमचा तो एफपीएस काउंटर (सेकंदाला किती फ्रेम ते मोजणारा) काढून टाका. कोरिओग्राफरकडून (अँड्रॉइडचा व्हीसिंक कळवणारा भाग) व्हीसिंकची वेळ घ्या, फ्रेमची वेळ जवळच्या व्हीसिंकला चिकटवा आणि त्याच्या अर्धा अंतर आधीचा नेम धरा.

मग ऑनफ्रेमरेंडर्डमध्ये (फ्रेम दिसल्यावर येणारा निरोप) मिळणाऱ्या नॅनोटाइममधून सलग शंभर फ्रेमची अंतरं काढून इथे टाका. १७ आणि ५० मिलिसेकंदांच्या (एक आणि तीन व्हीसिंकच्या) जोड्या दिसल्या तर चिकटवण्यात गडबड आहे, तो कोडही सोबत द्या.