‘वरून आदेश आहे’ म्हणजे नक्की काय? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोर्चा झाल्यावर माझ्या मित्राला ‘जरा चौकशी आहे’ म्हणून पोलीस स्टेशनला नेलं आणि रात्रीपर्यंत बसवून ठेवलं. अटक केली का विचारलं तर नाही म्हणतात, मग जाऊ का म्हटलं तर थांबा म्हणतात, आणि कारण काय तर ‘वरून आदेश आहे’. हे चालतं का? – एक कॉलेज विद्यार्थी

उत्तर : नाही चालत. ‘वरून आदेश’ असं कुठलं कारण कायद्यात नाहीच. एक तर अटक असते नाहीतर माणूस मोकळा असतो, मधलं काही नसतं, आणि मुंबई हायकोर्टाने तर 1990 मध्येच सांगितलंय की माणसाचं जाणं-येणं अडवलं तिथून अटक सुरू, पोलिसांनी डायरीत कुठली वेळ टाकली त्यावर नाही. हे एवढं महत्त्वाचं का, तर घटनेच्या कलम 22 प्रमाणे अटकेपासून 24 तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, आणि ‘अजून अटक दाखवलीच नाही’ म्हणत ते घड्याळ बंद ठेवायचा प्रकार सर्रास होतो. म्हणून तुमच्या मित्राला नेलं ती वेळ कुठेतरी लिहून ठेवा, घरच्यांना मेसेज केला असेल तर तोही डिलीट करू नका.

दुसरं, कारण. अटकेचं कारण लेखी द्यायचं हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये मनी लाँडरिंगच्या केसमध्ये म्हटलं, 2024 मध्ये दहशतवादविरोधी यूएपीए कायद्याला लावलं आणि 2025 मध्ये सगळ्याच गुन्ह्यांना, तेही आरोपीला कळेल अशा भाषेत. नुसतं तोंडी सांगितलं आणि सही घेतली, एवढ्यावर आता भागत नाही. वकील आणि घरच्यांना कळवणं हे हक्क आहेतच. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर सहसा आधी नोटीस यायला हवी, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 35 ची, आणि ती व्हॉट्सअॅपवर पाठवून चालत नाही हेही 2025 मध्येच स्पष्ट झालं.

पण एक कडू गोष्ट सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. त्याच कलम 22 च्या पोटात प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेची सोय आहे, म्हणजे गुन्हा झालेला नसताना, होईल म्हणून आत टाकायचं. आपल्याकडे महाराष्ट्राचा एमपीडीए कायदा त्यातलाच. तिथे 24 तासांचा नियम लागू नाही, सल्लागार मंडळाचा होकार नसेल तर तीन महिन्यांवर ठेवता येत नाही ही मुख्य अट. मला विचाराल तर तीन महिने खूप झाले, पण घटनेतच लिहिलंय.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अॅडमिनने माझी पोस्ट उडवली. हा कलम 19 चा भंग नाही का? – एक त्रस्त सभासद

उत्तर : नाही हो. कलम 19 चं भाषणस्वातंत्र्य हे मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, ग्रुपचा अॅडमिन सहसा त्यात येत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये भांडा.

प्रश्न : आणीबाणीत लोकांना विनाचौकशी आत टाकलं तेव्हा कोर्टं काय करत होती? परत तसं होऊ शकतं का? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, हायकोर्टं बरीच लढली. नऊ हायकोर्टांनी सांगितलं होतं की आणीबाणी असली तरी स्थानबद्ध माणूस कोर्टात येऊ शकतो. मग 1976 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की नाही येऊ शकत (एडीएम जबलपूर केस). सुनावणीत न्या. खन्नांनी अॅटर्नी जनरलना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तर काय, आणि उत्तर मिळालं की आणीबाणी आहे तोवर दाद नाही. विरोधी निकाल देणारे एकटे खन्नाच होते, आणि 1977 च्या जानेवारीत त्यांना डावलून ज्युनियर न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

जसंच्या तसं परत होणं आता अवघड. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचं कारण काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ आणला, आणि जीविताचा हक्क, म्हणजे कलम 21, आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं लिहिलं. एडीएम जबलपूरचा निकाल चुकीचा होता हे सुप्रीम कोर्टाने स्वतः म्हणायला मात्र 2017 उजाडलं, तेही प्रायव्हसीच्या केसमध्ये. एवढा उशीर का झाला याचं समाधानकारक उत्तर मला तरी कुठे मिळालं नाही.

प्रश्न : मी कायदा पाळतो, लपवण्यासारखं काही नाही. सरकारचे हात असे बांधून शेवटी गुन्हेगारांचंच फावतं ना? – एक व्यापारी

उत्तर : 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं. मुंबई बंद झाली त्यावर एकीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने नुसतं लाईक केलं, दोघींना अटक. आयटी कायद्याचं कलम 66अ तेव्हा ‘त्रासदायक’ मेसेजलाही गुन्हा म्हणायचं, आणि त्रास कुणाला झाला हे ठरवणार कोण, तर तक्रारदार आणि पोलीस. एक तरुणी कोर्टात गेली आणि 2015 मध्ये ते कलम पूर्ण रद्द झालं. गंमत म्हणजे (गंमत कसली) रद्द झाल्यावरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, शेवटी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावर खटला चालवू नका. तेव्हा साहेब, हात बांधलेत असं म्हणताय, पण ती गाठ सारखी तपासावी लागते, आणि ते काम गुन्हेगारांपेक्षा तुमच्यासारख्यांनी केलेलं बरं. एफआयआरची कॉपी मिळाली की आधी कलमं वाचा.