रोबो कुठे जास्त, चीनमध्ये की कोरियात?

प्रश्न : मुलगा आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे. सगळ्यात जास्त रोबो चीनमध्ये म्हणतात, मग पहिला नंबर कोरियाचा कसा? आणि पोराचं काय होणार?
– एक वाचक, चाकण

उत्तर : दादा, मोजायच्या रीती दोन आहेत. २०२३ मध्ये जगभर बसलेल्या नव्या औद्योगिक रोबोंपैकी निम्म्याहून जास्त, सुमारे २ लाख ७६ हजार, एकट्या चीनमध्ये बसले. पण त्याच वर्षी कारखान्यांतल्या दर १०,००० कामगारांमागे किती रोबो होते, असं पाहिलं की दक्षिण कोरिया पहिला : १,०१२. सिंगापूर ७७०, चीन ४७०, जर्मनी ४२९, जपान ४१९. जगाची सरासरी १६२. कोरियात मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने भरपूर, तिथेच रोबो जास्त लागतात. भारतात त्या वर्षी साडेआठ हजारच बसले, सर्वाधिक मोटारधंद्यात.

मी तीस वर्षं बॉडी शॉपमध्ये, म्हणजे गाडीचा पत्र्याचा सांगाडा जोडतात त्या विभागात, काढली. स्पॉट वेल्डिंगच्या, म्हणजे पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडणाऱ्या, गनचं तांब्याचं टोक वापरून चपटं होतं. ते वेळेवर घासलं नाही, तर रोबो तितक्याच इमानाने कच्चे स्पॉट मारत सुटतो. पत्र्यावरचा डाग बघून ते ओळखायला वेल्डिंग कळणारा माणूसच लागतो. पोराला ट्रेड सोडू देऊ नका. जोडीला टीच पेंडंट (रोबोला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट) हातात घेऊन रोबोला प्रोग्राम द्यायला मात्र याच वर्षी शिकू द्या.