शॉर्टस्टॉप म्हणजे सहा

प्रश्न : मुलाकडे शिकागोला चाललो आहे. त्याने रिगली फील्डवरच्या कब्स विरुद्ध व्हाइट सॉक्स सामन्याची तिकिटं काढली आहेत. बेसबॉल मी कधी पाहिलेला नाही. तरुणपणी क्लब क्रिकेटला स्कोअरर म्हणून बसायचो, तेवढाच खेळाशी संबंध. एकाच शहरातले दोन संघ म्हणजे वातावरण तापलेलं असेल. काय पाहावं, काय सांभाळावं?

उत्तर : स्कोअरर होतात ना, मग पेन्सिल घेऊनच जा. स्कोअरकार्ड मिळालं तर उत्तम, नाहीतर वहीवर रेघा मारा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारी सॉक्सची काळी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक; बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) चेंडू उचलून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला. दोन गडी बाद. सगळं स्टेडियम ओरडत होतं आणि आजोबांनी शांतपणे ६-४-३ एवढंच लिहिलं. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला ठरलेला आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (फलंदाजामागचा) २, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागचे तिघे डावीकडून ७, ८, ९. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला की, ‘के’ लिहितात. बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक सोडला तर तोच ‘के’ उलटा. आजोबांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि पुढची इनिंग मला लिहायला लावली. त्या दिवशी मला खेळ दिसायला लागला, तुम्हालाही दिसेल.

चुरस जुनी आहे. उत्तर शिकागो कब्सचं, दक्षिण शिकागो सॉक्सचं. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, दोघे एकदाच भिडले, १९०६ साली, आणि सॉक्स ४-२ जिंकले. एरवी दोघे वेगवेगळ्या लीगमध्ये. नियमित मोसमात एकमेकांशी खेळू लागले ते थेट १९९७पासून. सॉक्सनी २००५मध्ये ८८ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, कब्सनी २०१६मध्ये १०८ वर्षांनी. हे आकडे इथे पोरासोरांना पाठ असतात. डिवचाडिवची होणारच. निळा रंग कब्सचा, काळा-पांढरा सॉक्सचा. कोणाचीच बाजू घ्यायची नसेल तर तिसरा रंग घाला.

गाडी नेऊ नका. रेड लाइनच्या ट्रेनने अॅडिसन स्टेशनला उतरलात की मैदान समोरच. जॅकेट ठेवा, तळ्यावरचा वारा उन्हातही बोचतो. खाताना, बोलताना नजर मैदानावर हवी. फाउल चेंडू (फटका मारल्यावर रेषेबाहेर गेलेला) प्रेक्षकांत फार वेगाने येतो. (हाती लागला तर तुमचाच!)

मैदानाच्या टोकाच्या भिंतीवरची वेल नीट पाहा, १९३७ची आहे. चेंडू तिच्यात अडकला की क्षेत्ररक्षक शोधत बसत नाही, दोन्ही हात वर करतो आणि फलंदाजाला दोनच बेस मिळतात. वरचा धावफलकही त्याच वर्षीचा. आत माणसं बसून आकड्यांच्या पाट्या हाताने बदलतात. तुमच्यासारख्या माणसाला मी तर सांगेन, दोन इनिंगच्या मध्ये पॉपकॉर्न सोडा आणि त्या खिडक्यांकडे बघा.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून गातात, तुम्हीही उभे राहा. आणि शेवटचा गडी बाद झाल्यावर घाई करू नका. कब्स जिंकले तर धावफलकावर निळ्या ‘डब्ल्यू’चा पांढरा झेंडा चढतो, हरले तर पांढऱ्या ‘एल’चा निळा. तो चढेपर्यंत बेरजा करून घ्या, तोवर स्टेशनवरची गर्दीही थोडी ओसरेल.